फिरकीचा तांब्या

"धर. आन् कुठं खाली टेकवू नको बरं," काकू म्हणाली आणि तिनं फिरकीचा तांब्या माझ्या हातात दिला.

नुकतंच उजाडत होतं. आदल्या दिवशी तिनं तो चिंच आणि राख लावून घासला होता. पितळेचा तो आंबूस वास नाकात शिरला. माझी एक गोष्ट या जगात फक्त दोघांना ठाऊक आहे. एक हा तांब्या, आणि दुसरी एक शेळ्यावाली बाई. ती आता असेल की नाही, कुणास ठाऊक.

उन्हाळ्यात अंगारकी दर वर्षी येतेच असं नाही, पण ज्या वर्षी येते त्या वर्षी काकू हा तांब्या घेऊन हसनाबादहून राजूरच्या गणपतीला चालत जाते. चार कोसांची वाट. यंदा तिचा पाय चालेना. साखरेमुळे तळव्याला झालेली जखम दोन महिने भरत नव्हती. जालन्याच्या डॉक्टरांनी तिला मऊ तळाची चप्पल घालायला सांगितलं, घरातसुद्धा. नाही घातली तर पाय वाचणार नाही, हेही त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं. काकूनं सगळं नीट ऐकून घेतलं, डॉक्टरांना हात जोडले आणि दवाखान्याचा जिना अनवाणीच उतरली.

"ते येईपर्यंत चप्पल न्हाई," रिक्षात बसल्यावर ती मला म्हणाली. "तुला तर म्हाईत हाय."

मला तर माहीत होतं. मला तिच्याहून जास्त माहीत होतं, आणि मी रिक्षाच्या बाहेर बघत बसले.

ते म्हणजे माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. एका सकाळी सरकी आणायला जालन्याला जातो म्हणून गेले, ते गेलेच. त्यांच्याविषयी पुढं लोक बरंच काही बोलले. मला मात्र त्यांचं एवढंच आठवतं, की बाजाराहून येताना ते माझ्यासाठी गोडीशेव आणायचे आणि पुडीचा कागद तेलानं आरपार दिसायला लागलेला असायचा. बैलांना पाणी पाजताना ते तोंडानं एक लांब शीळ घालायचे. ती शीळ ऐकल्याशिवाय बैल पाण्याला तोंड लावत नसत. काका गेल्यावर बैलांनी दोन दिवस काकूचा अंत पाहिला. शेवटी ती पदर तोंडाशी धरून स्वतःच शीळ घालायला शिकली.

घरातलं माणूस निघून गेलं तर काय करायचं, याची आमच्याकडं एक रीत होती. कुणी सुरू केली ते ठाऊक नाही. त्या माणसाच्या घरच्या विहिरीचं पाणी तांब्यात भरायचं, फिरकी घट्ट आवळायची, आणि तांब्या वाटेत कुठंही न टेकवता चालत नेऊन ते पाणी देवाच्या अंगावर घालायचं. मग गेलेलं माणूस जिथं असेल तिथं त्याच्या घशाला कोरड पडते. दुसरं कुठलंच पाणी त्याला गोड लागत नाही, आणि ते घरी येतं. पाणी नेणाऱ्यानं जाता-येता पायांत काही घालायचं नाही, उंबऱ्याच्या आत येईपर्यंत. पण चपला पिशवीत बरोबर घ्यायच्या. का, तर माझ्या आजीचं, काकूच्या सासूचं, म्हणणं असं, की जवळ नाहीतच त्या न घालण्यात कसला आलाय नवस? आहेत आणि घातल्या नाहीत, हे देवाला दिसलं पाहिजे.

यंदा विहिरीनं तळ गाठलाय. तरी काकूनं लंगडत जाऊन तीनदा पोहरा सोडला आणि फडक्यानं गाळून तांब्याभर पाणी काढलं. चालायचं मात्र मी. "येताना जीपनं ये," एवढी सूट तिनं मला दिली. माझ्या पिशवीत नवसापुरते माझे बूट होते, आणि चपलांचा एक नवा जोड, जालन्याहून आणलेला. डॉक्टरांनी सांगितला होता तसाच. तो जोड तिच्यासाठी आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं.

वळणापर्यंत मी अनवाणी चालले. काकू ओट्यावर उभी राहून बघत होती. वळण ओलांडलं, एका लिंबाच्या आडोशाला गेले, आणि पिशवीतून बूट काढून पायांत घातले. तांब्या काखेत धरून लेस बांधायला बराच वेळ लागला. शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई मी. पण मला खडे टोचत होते आणि अजून सगळी वाट पुढं होती. या नवसाला फसवायची माझी ही दुसरी वेळ.

आता ती वाट चांगली रुंद आहे. ट्रॅक्टरमध्ये मोठाले कर्णे लावून पोरं आरत्या वाजवत होती. जागोजागी मांडव, केळी, साबुदाण्याची खिचडी, थंड पाण्याच्या बाटल्या. बाया घोळक्यानं चालत होत्या, एकमेकींचे फोटो काढत होत्या. कुणी तांब्याकडं बघून विचारलं, "गंगेचं हाय का?" मी म्हणाले, "नाही, घरचं." त्या बाईनं अदबीनं तांब्याला हात लावून कपाळाला टेकवला. मी मान खाली घालून पुढं निघाले.

पहिल्या वेळी आले तेव्हा, राजूरजवळचा मैल सोडला तर, या वाटेवर धूळच होती. बैलगाडीच्या चाकोरीतली मऊ, पिठासारखी धूळ. सकाळी ती पायाला गार लागायची आणि दहाच्या सुमारास तापू लागायची. मी आठ वर्षांची होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी काकूकडंच असायचे. तिला मूल नव्हतं, आणि मला घरी आईच्या मागं तीन भावंडं होती, त्यामुळं आमचं चांगलं जमायचं. त्या सुट्ट्यांना कुरडयांच्या चिकाचा वास होता. दुपारी दारं लावून घेतल्यावर अंधारात रांजणातलं पाणी झिरपल्याचा वास यायचा. आमच्या विहिरीचं पाणी गोड म्हणून गल्लीत नाव होतं. कुणाकडं सोयरे आले की आमच्याकडं घागर घेऊन बाया यायच्या, आणि काकू पोहरा ओढता ओढता सोयऱ्यांची सगळी चौकशी करून घ्यायची.

काका गेल्यानंतरची पहिली अंगारकी भर वैशाखात आली. काकू मला घेऊन निघाली. तिचा कडक उपास, चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. माझ्या हातात वाळकाच्या फोडींची पिशवी, पायांत लाल पट्ट्याच्या चपला. काकूच्या कमरेवर तांब्या, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत तिच्या चपला. चालताना ती सारखी पुटपुटत होती. मला वाटायचं देवाचं नाव घेतेय. जवळ गेले तेव्हा कळलं, ती काकांना रागवत होती. सरकीची पिशवी विसरून गेलात, म्हणत होती.

माळ लागला तिथून पुढं सावली संपली. वाळूक संपलं. ऊन डोळ्यांत शिरत होतं. मला पाणी हवं होतं आणि पाणी काकूच्या कमरेवर डचमळत होतं. प्रत्येक पावलाला तो आवाज. अजूनही उन्हात चालताना मला तोच आवाज ऐकू येतो.

मग हापसा लागला. काकूनं एका हातानं तांब्या सावरत दुसऱ्या हातानं मला हापसून दिलं. पाणी कढत आणि मचूळ होतं. मी एक घोट घेतला आणि थुंकला.

"पी की गं माय, पानी हाय ते."

"मला घरचं पाहिजे."

"घरचं घरी," काकू म्हणाली. नंतर तिनं इकडंतिकडं बघितलं, तांब्या माझ्या दोन्ही हातांत दिला आणि म्हणाली, "आलेच मी. धरून ऱ्हाय. खाली टेकवायचा न्हाई, काय?" आणि ती नाल्याच्या पलीकडं, तरवडाच्या झुडपांआड गेली.

एक घोट. मी एकच घोट घेणार होते. फिरकी सोडवली, तांब्या तोंडाला लावला, आणि ते पाणी इतकं गार आणि इतकं गोड लागलं की मला थांबता आलं नाही. नाकातोंडावाटे छातीवर सांडेपर्यंत मी पीत राहिले. थांबले तेव्हा तळाशी ओंजळभर उरलं होतं. तेव्हा कुठं मला काका आठवले.

तेवढ्यात एक बाई शेळ्या घेऊन हापशाशी आली. शेळ्यांसाठी ती जोरजोरानं हापसू लागली. मी धावत जाऊन तांब्या धारेखाली धरला. तिनं माझ्याकडं बघितलं, ओल्या झग्याकडं बघितलं आणि हसली.

"देवाचं पेलीस व्हय? भर, भर. पानी ते पानी. देवाला काय वळखू येतंय?"

काकू परत आली तेव्हा फिरकी आवळलेली होती आणि मी तांब्या पोटाशी धरून शहाण्यासारखी उभी होते. "माझी गुनाची बाई," ती म्हणाली.

राजूरला गाभाऱ्यात गुलाल, दूर्वा आणि माणसांच्या घामाचा दाट वास भरून होता. काकूनं डोळे मिटून तांब्या उपडा केला. हापशाचं मचूळ पाणी देवाच्या सोंडेवरून खाली ओघळलं. मी थुंकले तसा देवही आता थुंकणार, या भीतीनं मी काकूच्या लुगड्यात तोंड लपवलं. देवानं काहीच केलं नाही. काकूचे ओठ हलत होते आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

परतताना मला ऊन लागलं. अंग फणफणलं, पाय उचलेना. काकूनं मला पाठुंगळीला घेतलं. राजूरपासून मैलभर रस्ता डांबरी होता आणि दुपारी डांबर वितळून मऊ झालेलं. माझं ओझं घेऊन ती थोडं चालली, थांबली, पुन्हा चालली. तिच्या तोंडून "आई गं" निघालेलं मी पाठीवरून ऐकलं. मग तिनं मला एका दगडावर बसवलं, पिशवीतून चपला काढल्या, त्यांना हात लावून डोक्याला लावला आणि पायांत घातल्या. डांबरी संपली तिथं लगेच काढल्या. मैलभर मी तिच्या खांद्यावर मान टाकून चपलांचा चटचट आवाज ऐकत होते. तिच्या पायांतल्या चपलेचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

काका दिवाळीपर्यंत आले नाहीत. पाडव्याला बायकांचं ओवाळणं चाललेलं, आणि काकू माझ्या आईला सांगत होती, "माझ्याच हातानं घात झाला, जाऊबाई. डांबरीवर चप्पल घातली मी. देवानं बराबर बघितलं." तिनं चपला खुंटीला अडकवल्या. ते येईपर्यंत न्हाई, म्हणाली. मी तिथंच होते. करंजी खात होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, पण आईचा मार डोळ्यांपुढं आला आणि मी करंजीचा दुसरा तुकडा मोडला.

त्या वाक्याला मग छत्तीस वर्षं मुहूर्त मिळाला नाही. आधी माराची भीती होती, मोठी झाल्यावर लाज होती, आणि पुढं पुढं मी स्वतःला समजावलं की आता उगाच कशाला जुनं उकरून काढायचं. पाण्यानं माणसं येत-जात नसतात हे मला शाळेतच कळलं होतं. पण प्रश्न काकांचा नव्हताच. काकू दर उन्हाळ्यात अंगणात ओली पोती टाकून त्यावरून उड्या मारत चालायची, तिच्या टाचांच्या भेगांत माती काळी होऊन बसलेली असायची, आणि काटा मोडला की ती सुई माझ्याच हातात द्यायची, "तुझी नजर बारीक हाय," म्हणून. मी तो तळवा मांडीवर घ्यायचे, काटा काढायचे आणि गप्प बसायचे. माझी नजर बारीक आहे हे खरंच होतं. मला सगळं दिसत होतं.

मी मात्र हसनाबादला जात राहिले. लग्न झालं, नोकरी लागली, जालन्यात घर झालं, तरी महिन्याला एक खेप चुकली नाही. लुगडी नेली, औषधं नेली, डाळिंबं नेली. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "पुतणी असावी तर अशी." ते ऐकलं की मला त्यांच्यासमोरून उठून जावंसं वाटायचं.

आज त्या माळावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हापसा आता नाही, नुसता सिमेंटचा ओटा उरलाय. त्याच्या भेगेत तरवड उगवून पिवळ्या फुलांवर आला होता. शेजारच्या मांडवातल्या बाईनं बाटली पुढं केली, "घ्या मावशी, गार हाय." घसा कोरडा पडला होता, पण मला ती बाटली घ्यायचा धीर झाला नाही. तांब्या छातीशी धरून मी त्या ओट्यावर बसले. बुटांतले पाय घामानं भिजले होते. पिशवीतला नवा जोड मांडीला टोचत होता. पाय वाचणार नाही, हे डॉक्टरांचं शांत बोलणं आठवलं. तेव्हा उमगलं, की ते वाक्य आजच बोलायला हवं. उद्या बोलले तर उशीर होईल.

राजूरला रांग मोठी होती. पाणी घातलं, डोळे मिटले, पण काकांना परत आण असं काही माझ्या तोंडून निघेना. माफ कर, एवढंच म्हणाले. ते नक्की कुणाला म्हणाले, माहीत नाही.

जीपमधून उतरून वळणावर बूट काढले. काकू ओट्यावर चंद्राची वाट बघत बसली होती. दिवेलागण होत होती. चुलीतल्या कापसाच्या पळाट्यांचा धूर गल्लीत उतरला होता.

"टेकवला न्हाई ना कुठं?"

"नाही."

"बराबर." तिनं तांब्या माझ्याकडून घेतला. "बस हितं. पाय दे." वाटीत तिनं हळद घालून तेल कोमट करून ठेवलं होतं. माझा पाय मांडीवर घेतला आणि तिचा हात थांबला. तळवा गुळगुळीत, पांढरा. घोट्यावर पायमोज्याचा वळ.

"बूट घातल्ते व्हय?"

मी पाय मागं घेऊ लागले.

"बरं केलंस," काकू म्हणाली आणि तेल चोळायला लागली. "लई ऊन व्हतं आज. मी हितं बसून तेच म्हनून राह्यले, पोरगी भाजली आसंल बिलकुल."

मग मला राहवलं नाही.

"काकू, त्या वेळचं पाणी मी प्याले होते."

"कवाचं?"

"पहिल्या वेळचं. तू तरवडाआड गेलीस तेव्हा. नंतर हापशाचं भरलं. तू देवाला घातलंस ते आपलं पाणी नव्हतंच. तुझ्या चपलेनं काही झालं नाही, काकू. तू छत्तीस वर्षं उगाच..."

तिचा हात थांबला. तिनं तांब्या उचलला, फिरकी सोडवली, आत बघितलं, पुन्हा आवळली. गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल गेली. ती ओरडेल, रडेल, निदान माझा पाय मांडीवरून खाली ठेवेल, असं मला वाटत होतं.

"सगळं पेलीस?"

"तळाला थोडं राहिलं होतं."

"ग्वाड व्हतं?"

"हो."

तिनं पदरानं तांब्याचं पोट पुसलं. मग म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?"

"ते आलेच न्हाईत," काकू म्हणाली. "तूच येत राह्यलीस."

मला तिला सांगायचं होतं, की मी ओढीनं येत नव्हते, अपराधाच्या बोजाखाली येत होते. पण तिच्या हातातलं तेल माझ्या तळव्यावर अजून कोमट होतं, आणि खरं काय ते माझं मलाच सांगता येईना. ही एक चोरी मी तशीच ठेवली. पिशवीतून चपलांचा जोड काढून तिच्यापुढं धरला. तिनं एकदा खुंटीकडं बघितलं आणि दुखरा पाय पुढं केला.

पाय चपलेत जाईना. विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणून मी खुंटीवरच्या जुन्या चपलेचंच माप घेतलं होतं. तो पाय आता राहिलाच नव्हता. पंजा पसरला होता, बोटं फाकली होती, करंगळी पट्ट्याच्या पार बाहेर राहत होती. मी पट्टा ढिला केला, पुन्हा घालून पाहिला, पुन्हा काढला.

"मोठी लागंल," काकू म्हणाली.

"उद्या आणते. सकाळीच येते."

"ये."

मी तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजेवर, उशीवर ठेवला.

"तोवर खाली टेकवू नको," मी म्हणाले.

"न्हाई टेकवत," काकू म्हणाली.